कडू लागतंय का?

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले की सकाळचा चहा मी आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या गोठ्यापाशी, पिते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, मांजरेच्या खोऱ्यात. आखाडा गावापासून अर्ध्या कोसावर. पत्र्याचं छप्पर, दोन बाभळी, गोठा आणि गोठ्याला लागून ज्वारीच्या कडब्याची बणीम, म्हणजे रचलेली गंजी. त्या दिवसांत सगळं रान उघडं पडलेलं असतं. काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा. उंदरांना चांगला आसरा उरतो तो त्या बणिमीच्या बुडाशी. उंदीर तिथं, म्हणून धामणही तिथंच.

गेल्या वर्षी ती मला पहिल्यांदा नीट बघायला मिळाली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुरूनच हात आडवा केला. "थांब तिथंच. हालू नको." मी कप हातात धरून उभी राहिले. गोठ्याच्या भिंतीला धरून ती निघाली होती. सहा फूट तरी असेल. पिवळट तपकिरी अंग, शेपटीकडं काळ्या जाळीदार रेघा. धामणीचे डोळे मोठे, गोल असतात आणि तिला दिसतंही चांगलं. पण त्या सकाळी ती डोळ्यांच्या भरवशावर चाललेली नव्हती. तोंड मिटलेलं होतं आणि मिटलेल्या तोंडातून जीभ बाहेर येत होती, आत जात होती, पुन्हा येत होती.

सापाच्या वरच्या ओठाला मधोमध एक बारीक खाच असते. बंद दाराखालून चिठ्ठी सरकवावी तशी जीभ त्या खाचेतून बाहेर येते. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. दहा पावलांवरून बघताना मात्र अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो.

भिंतीच्या बुडाला उंदरांची वाट होती. उंदीर रोज एकाच वाटेनं, भिंतीला अंग घासत पळतात. त्यांच्या अंगाच्या तेलकटपणानं भिंतीवर एक काळपट पट्टा पडतो. जागोजागी मुताचे थेंब असतात. आपल्याला त्यातला पट्टाच तेवढा दिसतो, तोही वाकून बघितलं तर. धामणीची जीभ त्या पट्ट्याशेजारच्या धुळीला टेकत होती. टेकताना जिभेची दोन टोकं फाकायची, दोन वेगवेगळ्या जागी लागायची आणि लगेच आत जायची. एके ठिकाणी उंदरांची वाट फुटत होती. एक गोठ्याच्या दारातून आत, दुसरी बणिमीखाली. तिथं ती थांबली. आधी जीभ हवेत हळूहळू वरखाली हलली. मग डाव्या अंगाला टेकली, उजव्या अंगाला टेकली, परत डाव्या. मी मोजत होते, सात वेळा झालं. मग मान वळली आणि मानेच्या मागोमाग सगळं अंग बणिमीखाली ओढलं गेलं. शेवटी शेपटीचं टोक. धुळीत एक गुळगुळीत ओढ राहिली.

"काय बघायलीस एवढं?" दादांनी विचारलं.

"जीभ."

"जिभेचं काय बघायचं? चावायची तर दातानं चावती."

दादांचं बरोबर होतं. माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी लेकरू छातीठोक सांगतं की साप जिभेनं डंख मारतो. मी खोडून काढते, पण खरं ते काय आहे हे पाच मिनिटांत उरकून पुढच्या धड्याकडं जाते. बणिमीपाशी उभी असताना त्या पाच मिनिटांची मला लाज वाटली.

आपली जीभ चव घेते. सापाची जीभ जवळजवळ काहीच चाखत नाही. तिचं काम टिपून आणण्याचं. ओलसर जीभ हवेत किंवा जमिनीवर फिरते तेव्हा तिथले रासायनिक कण तिला चिकटतात. उंदराच्या मुताचे, बेडकाच्या कातडीचे, दुसऱ्या सापाच्या अंगाचे. ती आत येते आणि तोंडाच्या तळाशी असलेल्या आपल्या म्यानात शिरते. तिच्यावरचा माल तळाच्या मऊ गाद्यांवर उतरतो. त्या गाद्या वर उचलल्या जाऊन टाळूला लागतात आणि टाळूत दोन बारीक छिद्रं असतात. छिद्रांच्या पलीकडं एकेक छोटी पोकळी, पाणीदार, आत संवेदना टिपणाऱ्या पेशींचा थर. तिथून मज्जातंतू मेंदूकडं जातात. फार दिवस शास्त्रज्ञांना वाटत होतं की साप जिभेची दोन टोकं थेट त्या दोन छिद्रांत खुपसतो. दोन टोकं आणि दोन छिद्रं, जोडी जमते म्हणून वाटत असणार. नंतर क्ष-किरणांनी चित्रीकरण केलं तेव्हा मिटलेल्या तोंडात जीभ तसं काही करताना दिसली नाही. नाक सापाला वेगळं आहे, त्यानं तो आपल्यासारखा वासही घेतो. हे टाळूतलं दुसरं नाक त्याहून निराळं. हवेत सहज न उडणारे, जमिनीला धरून राहणारे जड कणही त्याला वाचता येतात.

या पोकळीला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. लुडविग लेविन जेकबसन हा डेन्मार्कचा शल्यवैद्य. त्यानं १८१३ मध्ये या इंद्रियाचं वर्णन छापलं आणि त्यानं ते पाहिलं होतं सस्तन जनावरांत, गोठ्यातल्या जनावरांतसुद्धा. हे वाचलं तेव्हा मला आमचा वळू आठवला. माझ्या लहानपणी गावात एक देवणी वळू मोकळा फिरायचा. गाय मुतली की तो त्या ओल्या जागेशी नाक न्यायचा, मग मान वर करून वरचा ओठ असा दुमडायचा की हिरड्या दिसाव्यात. आणि तसाच थिजल्यासारखा उभा राहायचा. आम्हा पोरांना वाटायचं तो हसतोय. दादा गोठ्यातून बघायचे आणि म्हणायचे, "गाय माजावर आली." बोकडही असंच करतो, रेडाही करतो. ओठ दुमडला की वास टाळूतल्या त्या वाटेनं आत ओढला जातो. म्हणजे जे धामण जिभेनं करते तेच तो वळू ओठानं करत होता. शेतकऱ्याच्या पोराला जेकबसनचं इंद्रिय शिकवायला सापापाशी जायचीसुद्धा गरज नाही, ते त्याच्या दावणीलाच बांधलेलं आहे. आपल्यातही ते गर्भात घडायला लागतं आणि पुढं नावापुरतं उरतं.

जीभ दुभंगलेली का, हा प्रश्न फार जुना. ॲरिस्टॉटलला वाटलं की दोन टोकांमुळं चवीचं सुख दुप्पट होत असावं. आपल्याकडं याचं उत्तर महाभारताच्या आदिपर्वात आहे. आजीकडून मी ते ऐकलं. कद्रूच्या पोरांनी, म्हणजे नागांनी, गरुडाच्या आईला दास्यात ठेवलं होतं. सोडवायची किंमत अमृत. गरुडानं कुंभ आणला, दर्भावर ठेवला आणि नागांना म्हणाला, आधी स्नान करून शुद्ध होऊन या. ते गेले तेवढ्यात इंद्रानं कुंभ पळवला. नाग परत येऊन बघतात तर नुसता दर्भ. इथंच तर ठेवलं होतं, एखादा थेंब तरी सांडला असेल, म्हणून त्यांनी दर्भ चाटला. दर्भाची पाती धारदार. जिभा मधोमध चिरल्या गेल्या.

लहानपणी मला ही शिक्षेची गोष्ट वाटायची. आता तिच्यातलं एकच चित्र मनात राहतं. कुंभ गेलेला आहे, जागा रिकामी आहे आणि नाग त्या रिकाम्या जागेवर जीभ फिरवून काय होतं ते शोधतायत. ज्यानं कुणी ही गोष्ट पहिल्यांदा रचली त्यानं साप फार जवळून पाहिला असणार. साप खरोखर हेच करतो. उंदीर तिथं नसतो, रात्री केव्हातरी जाऊन गेलेला असतो. धामण त्याचं जाणं वाचते.

दोन टोकांचा उपयोग आता बराच उलगडलेला आहे. १९९४ साली कर्ट श्वेंक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं तो नीट मांडला. आपल्याला दोन कान आहेत म्हणून हाक कुठल्या बाजूनं आली ते कळतं. डाव्या कानाला मोठं ऐकू आलं की मान डावीकडं. सापाची जिभेची दोन टोकं तशीच एका क्षणी दोन जागांची बातमी आणतात. दोन्ही टोकांवर वास सारखा असेल तर माग सरळ पुढं आहे. एका टोकाला कमी लागला तर त्या बाजूला माग सुटत चाललाय, मान दुसरीकडं वळवायची. त्यासाठी टोकं फाकलेली हवीत, जेवढी फाकतील तेवढं बरं. घोरपडीची जीभही अशीच खोल दुभंगलेली असते आणि तीही दूरवर माग काढत हिंडणारी. हवेत जीभ वरखाली हलवताना हवेचे छोटे भोवरे तयार होतात आणि आजूबाजूची हवा जिभेकडं ओढली जाते. बणिमीपाशी धामण थांबून हवेत जीभ हलवत होती ती याचसाठी.

दोन जिभांचा माणूस म्हणजे आपल्या भाषेत खोटारडा. इकडं एक बोलणारा, तिकडं एक. संस्कृतात सापाला द्विजिह्व म्हणतात आणि चहाडखोरालाही तेच. मला हे आता खुपतं. डावं-उजवं ताडून बघितल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या प्राण्याच्या नावानं आपण खोटेपणा ओळखतो.

अमेरिकेत गार्टर नावाचे साधे बिनविषारी साप आहेत, आपल्या नानेटीसारखे सडपातळ. गॉर्डन बर्घार्ट या संशोधकानं १९६० च्या दशकात त्यांची नुकती जन्मलेली पिल्लं घेतली. अजून एक घासही न खाल्लेली. कापसाच्या बोळ्याला गांडुळाचं, माशाचं, असं वेगवेगळ्या भक्ष्यांचं पाणी लावून त्यांच्यासमोर धरलं. साध्या पाण्याच्या बोळ्याला पिल्लं जीभ लावून गप्प बसायची. त्यांच्या जातीच्या भक्ष्याचा बोळा आला की जीभ भराभर चालायची आणि पिल्लू त्या कापसावर तुटून पडायचं. आई शिकवायला नव्हती, आधीची आठवण नव्हती. पुढं कॅलिफोर्नियात स्टीव्हन अर्नोल्डनं याहून नवलाचं दाखवलं. एकाच जातीचे साप, पण समुद्राकाठचे साप बिनशंखाच्या गोगलगायी खातात आणि आतल्या कोरड्या प्रदेशातले खात नाहीत, कारण तिकडं त्या नसतातच. दोन्हीकडच्या कोवळ्या पिल्लांसमोर गोगलगाय ठेवली. किनाऱ्याच्या पिल्लांनी बहुतेक खाल्ली, आतल्या पिल्लांनी बहुतेक नाकारली. प्रदेश रक्तात उतरतो तो असा.

आपल्या मोरीत पावसाळ्यात जो काळा बारीक वाळा निघतो, ज्याला गांडूळ समजून आपण पाणी ओतून टाकतो, तोही सापच. जवळजवळ आंधळा. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खाऊन जगतो. त्याच्या टेक्सासमधल्या दूरच्या भावंडांवर प्रयोग झालेत. मुंग्यांच्या रांगेनं जमिनीवर सोडलेल्या वासाच्या रेघेवरून तो साप सरळ चालत जातो. करंगळीपेक्षा बारीक प्राणी, पण जीभ त्यालाही दोन टोकांची.

आता विषारी सापांकडं येते, आणि इथं माझा हात थोडा जड होतो.

घोणशीच्या कुळातला अमेरिकेतला रॅटलस्नेक मोठा उंदीर असेल तर चावून लगेच सोडून देतो. धरून ठेवला तर उंदीर उलटून चावेल, डोळा जाईल. उंदीर पळतो, कुठंतरी झुडपात जाऊन मरतो. साप जागेवर थोडा थांबतो. मग जिभेचा वेग एकदम वाढतो आणि तो माग काढायला लागतो. डेव्हिड चिझार यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. त्याच वाटेवरून दहा उंदीर गेलेले असले तरी साप आपल्या चावलेल्या उंदराचाच माग निवडतो. कसा? २०१३ मध्ये चिझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषातली काही प्रथिनं वेगळी काढून दाखवली. ती उंदराला मारतच नाहीत. ती असली की चावलेल्या उंदराचा वास सापाला वेगळा कळतो. म्हणजे विषाच्या एका थेंबात मारण्याचा भाग वेगळा आणि शोधण्याची खूण वेगळी.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. विष ही गोष्ट आमच्या घरात नुसत्या कुतूहलानं वाचण्याची नाही.

आमच्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात, नाहीतर जनावर. आणि कुणाला चावलं तर "चावलं" म्हणत नाहीत. म्हणतात, "पान लागलं." १९९१ च्या जूनमध्ये माझ्या धाकट्या काकांना पान लागलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, ते चोवीसचे. पेरणीचे दिवस, दिवसभर तिफणीमागं चालून आलेले. घरात उकाडा म्हणून ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, सतरंजी टाकून निजले. आमच्या ढाळजेला लागून धान्याची कणगी होती, कणगीखाली उंदरांची बिळं. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांच्या पोटात कळ आली. आजीला वाटलं, शिळं खाल्लं असेल. ओवा दिला. मग कंदिलाच्या उजेडात त्यांच्या कानामागं दोन ठिपके दिसले. सूज नाही, रक्त नाही, दुखतही नव्हतं. मण्यार चावते ती अशीच.

त्यांना मारुतीच्या पारावर नेलं. गावातली रीत तीच होती. जाणत्या माणसानं कडुलिंबाचा पाला आणला आणि मूठभर त्यांच्या तोंडात दिला. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही. गोड लागला, नाहीतर काहीच लागला नाही, तर चढलं. सगळं गाव भोवती उभं.

"कडू लागतंय का?"

"लागतंय," काका म्हणाले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

सगळ्यांचा जीव खाली पडला. आजीनं मारुतीला हात जोडले. कुणीतरी बिडी पेटवली. अर्ध्या तासानं पुन्हा पाला. "कडू लागतंय का?" "लागतंय." काकांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. लोक म्हणाले, झोपू देऊ नका, रात्रभर जागलाय पोरगा. तिसऱ्यांदा पाला दिला तेव्हा त्यांनी मान हलवली. जीभ हलवून शब्द आला नाही. लाळ ओठावरून ओघळली. पाल्याचा हिरवा चोथा त्यांच्या हनुवटीला लागलेला मी पाहिला. तो अजून मला दिसतो.

मग जीप शोधली. तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं, औषध संपलंय, पुढं न्या. पुढं नेताना घाटात गेले.

मण्यारीच्या विषाचं पुढं मी किती वाचलं. ते नसा आणि स्नायू जिथं भेटतात तिथं बसतं. नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. पापणी पडते, जीभ लुळी होते, शेवटी छातीचे स्नायू थांबतात. चव मात्र त्याच्या वाटेत येत नाही. काका खरं बोलत होते. पाला कडूच लागत होता, त्यांच्या जिभेनं शेवटपर्यंत बरोबर बातमी दिली. आम्ही जिभेला चुकीचा प्रश्न विचारत बसलो होतो, आणि त्यात पाच तास गेले. त्या पाच तासांत प्रतिविष पोचलं असतं, श्वास देणारं यंत्र मिळालं असतं, तर चोवीस वर्षांचा माणूस घरी आला असता.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली छापून आला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. पारावर असा पाला किती जणांनी चावला असेल, याची मोजणी त्यात नाही. आजही माझ्या गावात कुणी मला रात्री फोन केला तर मी एवढंच सांगते: हात-पाय हलवू देऊ नका, घट्ट बांधू नका, कापू नका, साप मारायला थांबू नका, गाडी काढा. कुठल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे ते गाडीतून फोन करून विचारा. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे.

काका गेल्यावर तीन दिवसांनी कणगीखाली मण्यार सापडली. माणसांनी मारली. ठेचून जाळली. नाग असो की मण्यार, लांबडं डूख धरतं, मरताना मारणाऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यात उमटतं आणि जोडीदार ते बघून शोधत येतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून डोकं आधी ठेचायचं. आजीनं ती जागा शेणानं तीन वेळा सारवली. का सारवलीस विचारलं तर म्हणाली, "वास राहतो बाई."

चित्र कुणाच्या डोळ्यात उमटत नाही. साप सूड घेत नाही. पण आजीचं ते वाक्य मी फार वर्षं डोक्यात वागवते आहे. गार्टर सापांच्या मादीच्या कातडीवर जे रसायन असतं त्याचा शोध १९८९ साली लागला. नर तिच्या मागावर जीभ टेकत टेकत तिच्यापर्यंत पोचतो. विणीच्या हंगामात मारलेल्या मादीच्या जागी दुसऱ्या दिवशी नर दिसला, तर बघणाऱ्याला तो सूड वाटणारच. आजीला रसायन माहीत नव्हतं. मात्र जमिनीवर काहीतरी मागं राहतं आणि कुणीतरी ते वाचत येतं, हे तिला माहीत होतं.

नागपंचमीला आजी वारुळाशी लाह्या आणि दूध ठेवायची. त्या दिवशी घरात विळी नाही, तवा नाही, रानात नांगर नाही, पुरणाचे दिंड. बायका गाणी म्हणायच्या, नागाला भाऊ म्हणायच्या. काका गेल्यानंतरच्या वर्षीही तिनं लाह्या ठेवल्या. माय रागावली होती, आजी गप्प राहिली. दूध साप पीत नाही, ते मुंग्या खातात, हे मी तिला मोठेपणी सांगितलं. ती म्हणाली, "खाऊ दे की मुंग्याला." गारुड्यांनी कोंडून, तहानेनं व्याकूळ करून दूध पाजलेले नाग मी पाहिलेत. ते बंद व्हायलाच हवं होतं. वारुळाशी म्हटलेल्या त्या गाण्यांतून मात्र एक अक्षर काढावं असं मला वाटत नाही.

आता घरात कणगी नाही. पत्र्याच्या कोठ्या आहेत, घट्ट झाकणाच्या. ढाळजेत कुणी खाली झोपत नाही. दादा बाजेवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. रात्री उठले की बॅटरी आधी, पाय नंतर. साप येऊ नये म्हणून लोक अंगणात फिनेल टाकतात, रॉकेल शिंपडतात, लसूण ठेचून ठेवतात. दादा यातलं काही करत नाहीत. भिंतीची बिळं बुजवतात, धान्य सांडू देत नाहीत. "उंदीर नसला की ते कशाला यील?" म्हणतात. घरात उंदीर नको, म्हणजे लांबडंही नको. आखाड्यावर मात्र बणीम आहे, उंदीर आहेत आणि धामण आहे. तिला ते हात लावू देत नाहीत. मागं कुणीतरी सांगितलं, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते. दादा म्हणाले, "माझ्या गाईचं दूध मी रोज मोजतो."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी आखाडा झाडायला घेतला होता. गोठ्यापुढचं अंगण, छपराखाली, मग भिंतीच्या कडेनं बणिमीकडं. खराटा तिथं पोचला तशी दादांनी आतून हाक दिली.

"ती कड राहू दे."

"घाण हाय दादा. उंदराच्या लेंड्या हायत."

"असू दे. उद्या तिला यायचंय त्या वाटनं."

मी खराटा भिंतीला टेकवला. धुळीत काल सकाळची ती गुळगुळीत ओढ अजून तशीच होती, आणि तिच्यावरून रात्री गेलेल्या उंदराची इवली पावलं.